मार्चिंग बँड क्रीडा विभागाला परवडतो का: हिशेब मांडण्याची रीत

2012 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एक वाद उभा राहिला. विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाचा त्या हंगामातील पहिला सामना 1 सप्टेंबर रोजी टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे अलाबामा विद्यापीठाशी व्हायचा होता. त्या एका सामन्यापोटी मिशिगनच्या क्रीडा विभागाला सुमारे 47 लाख डॉलर मिळणार होते, आणि मार्चिंग बँडला, म्हणजे मैदानावर संचलन करत वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाद्यपथकाला, तिथवर नेण्याचा सुमारे 4 लाख डॉलरांचा खर्च उचलण्यास मात्र विभागाने नकार दिला. माजी विद्यार्थ्यांची आणि प्रेक्षकांची नाराजी एवढी तीव्र होती की थोड्याच दिवसांत निर्णय फिरला, देणगीदार पुढे आले आणि बँड टेक्सासला गेला. मिशिगनचा संघ तो सामना 41–14 असा हरला. त्या वादात 4 लाख आणि 47 लाख हे दोनच आकडे चर्चेत राहिले, आणि माझ्या मते त्या दोन आकड्यांवरून बँड परवडतो की नाही हे ठरवता येत नाही.

ते ठरवायचे असेल तर काय करावे लागते, हे पुढे सांगितले आहे. विद्यार्थी शुल्क समितीवर बसलेला विद्यार्थी, देणगी द्यावी की नाही या विचारात असलेला माजी विद्यार्थी, किंवा मुलाच्या शुल्काची पावती वाचून त्यातला क्रीडा शुल्काचा रकाना कशासाठी आहे असे विचारणारा पालक, अशा वाचकांसाठी हे लिहिले आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या घरीही ही पावती पोहोचते, कारण मोठ्या परिषदांबाहेरच्या (परिषद म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) अनेक विद्यापीठांत क्रीडा विभागाचा बराचसा भार विद्यार्थ्यांकडून सक्तीने घेतलेल्या शुल्कावर असतो.

हा प्रश्न आत्ता अधिक टोकदार झाला आहे. 6 जून 2025 रोजी न्यायालयाने एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेविरुद्धच्या हाउस खटल्यातील तडजोड मंजूर केली आणि विद्यापीठांना खेळाडूंशी थेट उत्पन्न वाटून घेण्याची मुभा मिळाली. 2025–26 या पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर ठरली. एवढी रक्कम नव्याने उभी करायची झाली की क्रीडा संचालकाची नजर खर्चाच्या प्रत्येक रकान्यावरून फिरते, आणि ज्या रकान्यासमोर उत्पन्नाचा आकडा लिहिलेला नसतो तिथे ती थांबते. बँडचा रकाना नेमका तसाच असतो.

पैसा कोणाच्या वहीत लिहिला जातो

पहिले काम म्हणजे बँड विद्यापीठाच्या कोणत्या विभागाचा आहे हे शोधणे. हे वाटते तेवढे सरळ नाही. मिशिगनचा बँड संगीत, नाट्य व नृत्य महाविद्यालयाच्या अखत्यारीत आहे. पर्ड्यू विद्यापीठात स्वतंत्र संगीत महाविद्यालय नसूनही बँडची स्वतःची जुनी यंत्रणा आहे. 1886 पासून चालत आलेल्या या बँडमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी नेहमीच मोठ्या संख्येने असतात, आणि नील आर्मस्ट्राँग विद्यार्थिदशेत तिथे बॅरिटोन हे पितळी वाद्य वाजवत असत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा बँड कॅडेट दलाचा भाग आहे, तर स्टॅनफर्डचा बँड विद्यार्थीच चालवतात. या चार ठिकाणी ‘बँडचा खर्च’ हा शब्द चार वेगवेगळ्या वह्यांकडे बोट दाखवतो; त्यामुळे एका विद्यापीठाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवण्याआधी दोन्ही आकड्यांत काय मिळवले आहे आणि काय वगळले आहे, हे पाहिलेच पाहिजे.

त्यासाठी सर्वांत उपयोगी कागद म्हणजे प्रत्येक विद्यापीठ एनसीएएला दरवर्षी सादर करते तो आर्थिक अहवाल. त्यात ‘स्पिरिट ग्रुप्स’ असा खर्चाचा एक स्वतंत्र रकाना असतो, आणि बँड, चीअरलीडर, नृत्यपथक, शुभंकर अशा सर्वांवर क्रीडा विभागाने केलेला खर्च तिथे एकत्र दाखवला जातो. सरकारी विद्यापीठाचा हा अहवाल त्या राज्याच्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली लेखी अर्ज करून मागवता येतो. खासगी विद्यापीठाला असा अर्ज लागू पडत नाही. तिथे क्रीडाक्षेत्रातील समानतेच्या कायद्याखाली केंद्रीय शिक्षण खात्याकडे जाणारी वार्षिक माहिती खुली असते, पण तिच्यात खेळनिहाय बेरजा मिळतात, बँडचा वेगळा आकडा मिळत नाही.

अहवाल हाती आल्यावर तीन गोष्टी कराव्यात. ‘स्पिरिट ग्रुप्स’च्या आकड्यातून बँडचा वाटा वेगळा करून मागावा, कारण चीअरलीडरांचा प्रवास आणि बँडचा प्रवास यांत फार मोठा फरक असतो. त्यानंतर संगीत विभागाच्या अंदाजपत्रकातून बँड संचालक, साहाय्यक संचालक, वाद्यदुरुस्ती आणि सरावाची जागा यांवरचा खर्च काढावा. तिसरी गोष्ट सहसा कोणी मोजत नाही: विद्यार्थ्यांची पदरमोड. बूट, हातमोजे, सरावाचे कपडे, काही ठिकाणी बँड शुल्क आणि जेवणाचा काही भाग विद्यार्थी स्वतः भरतात. शिवाय अनेक विद्यापीठांत मार्चिंग बँड हा एका क्रेडिटचा अभ्यासक्रम असतो, म्हणजे क्रीडा विभागासाठी वाजवणारा विद्यार्थी त्याच कामाची नोंदणी करून विद्यापीठाला शिकवणी शुल्कही देत असतो. हे शुल्क विद्यापीठाच्या जमेत जाते, क्रीडा विभागाच्या वहीत त्याची नोंदही होत नाही. बँडला ‘फुकट खाणारा’ ठरवणाऱ्या मांडणीत ही बाजू गाळलेली असते, आणि ती गाळणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्या मैदानावर खेळाडूंना शिष्यवृत्ती आणि आता उत्पन्नाचा वाटाही मिळतो, तिथेच आठवड्याचे कित्येक तास सराव करणारा वादक बहुतेक वेळा स्वतःचे पैसे घालून उभा असतो.

एका वर्षाचा आकडा कसा फसवतो

बँडचा खर्च दरवर्षी सारखा नसतो. समजा, 300 वादकांच्या बँडसाठी प्रत्येकी 600 डॉलरांचे नवे गणवेश घेतले. त्या वर्षी 1 लाख 80 हजार डॉलरांचा खर्च एकदम दिसेल आणि बँड महाग झाला अशी ओरड होईल. पण गणवेश 10 वर्षे वापरला जात असेल, तर वर्षाला वाट्याला येतात 18 हजार डॉलर. सूझाफोनसारखे (अंगाभोवती अडकवायचे मोठे पितळी) वाद्य एकेकटे काही हजार डॉलरांचे असते, आणि नीट दुरुस्ती होत राहिली तर ते विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या वाजवतात. म्हणून किमान पाच वर्षांचे आकडे एकत्र मागवावेत, मोठी खरेदी तिच्या आयुष्यावर वाटावी आणि मगच सरासरी काढावी. ज्या वर्षी संघ हंगामाअखेरच्या बाउल सामन्याला गेला, ते वर्ष वेगळे दाखवावे.

हा आकडा एकट्याने वाचू नये. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सास ए अँड एमने मुख्य फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांना करार संपण्याआधी दूर केले, तेव्हा त्यांना देणे असलेली रक्कम साडेसात कोटी डॉलरांहून अधिक होती. त्या विद्यापीठाचा बँड 400 हून अधिक कॅडेटांचा आहे. एका करारातून उद्भवलेले देणे आणि एका बँडचा वार्षिक खर्च यांच्यातील अंतर लक्षात घेतले की बँडमधली बचत क्रीडा विभागाच्या अडचणीवर कितपत उपाय ठरेल, याचा अंदाज येतो. मात्र ही तुलना केवळ मोठ्या परिषदांतील विद्यापीठांना लागू आहे. लहान विद्यापीठात, जिथे संपूर्ण विभागच विद्यार्थी शुल्कावर चालतो, तिथे बँडचा रकाना खरोखरच जाणवण्याएवढा मोठा असू शकतो आणि तिथे प्रश्न विचारणाऱ्याला बँडचा शत्रू समजू नये.

जमेच्या बाजूला काय धरावे

इथे बँडप्रेमींचे चुकते, आणि मी स्वतः बँडच्या बाजूचा असूनही हे सांगणे आवश्यक समजतो. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणारा पैसा बँडच्या खात्यावर टाकता येत नाही. बिग टेन परिषदेने 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांसाठी केलेला करार 7 अब्ज डॉलरांहून मोठा होता. असे करार संपूर्ण परिषदेच्या वतीने होतात, आणि हाफटाइमच्या वेळी, म्हणजे बँड मैदानावर उतरतो त्या मध्यंतरात, वाहिनीवर सहसा बँड दिसत नाही, तज्ज्ञांची चर्चा आणि जाहिराती दिसतात. एखाद्या विद्यापीठाने बँड बंद केला म्हणून त्याचा परिषदेतला वाटा त्या वर्षी घटणार नाही. ‘बँड हा महाविद्यालयीन फुटबॉलच्या वातावरणाचा आत्मा आहे’ हे विधान मला मान्य आहे, पण त्याचे डॉलर करून बेरजेत घालणे मान्य नाही.

जे मोजता येते ते वेगळे आहे. लोक केवळ बँडसाठी येतात का, याचा पुरावा शोधावा. कोलंबसमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या घरच्या सामन्याआधी सेंट जॉन अरीना या सभागृहात बँडचा ‘स्कल सेशन’ होतो आणि त्याला हजारो लोक जमतात. फक्त पितळी वाद्ये व तालवाद्ये असलेला हा 228 जणांचा बँड मैदानावर ‘ओहायो’ हा इंग्रजी शब्द वळणदार लिपीत चालत चालत लिहितो. 1936 पासूनची ही प्रथा आहे, आणि त्यातल्या ‘आय’वर टिंब देण्याचा मान सूझाफोन वाजवणाऱ्याला मिळतो. लुईझियानातील ग्रँबलिंग स्टेट आणि सदर्न या दोन विद्यापीठांच्या न्यू ऑर्लिन्समधील ‘बायू क्लासिक’ सामन्यासोबत बँडांची लढत वेगळा कार्यक्रम म्हणून होते आणि तिची तिकिटे वेगळी विकली जातात. तिकीट वेगळे असले की मागणीही वेगळी मोजता येते; हा सर्वांत भक्कम पुरावा.

ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठांची गोष्ट या हिशेबात मुळातच निराळी आहे. ग्रँबलिंगचा बँड 1967 मधल्या पहिल्या सुपर बाउलच्या (व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) हाफटाइमला वाजला. फ्लोरिडा ए अँड एमचा ‘मार्चिंग 100’ हा बँड 1989 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या संचलनासाठी पॅरिसला गेला. टेनेसी स्टेटच्या बँडला 2023 मध्ये एका गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिसंगीताच्या) अल्बमसाठी ग्रॅमी मिळाले. या ठिकाणी प्रेक्षकांचा मोठा वर्ग हाफटाइम पाहायला येतो, आणि सामना संपल्यावर दोन्ही बँड आळीपाळीने वाजवतात ते ‘पाचवे क्वार्टर’ (सामन्याची क्वार्टर चारच असतात) ऐकायला थांबतो. अशा विद्यापीठात बँड फुटबॉलला परवडतो का असे विचारण्याऐवजी फुटबॉलच्या तिकिटांच्या उत्पन्नातला बँडचा योग्य वाटा किती, असे विचारायला हवे. विद्यार्थी मिळवण्याच्या दृष्टीनेही तिथे बँडचे वजन मोठे असते. प्रवेश कार्यालयाकडून बँडमधील विद्यार्थ्यांची संख्या आणि दुसऱ्या वर्षी टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण मागवून ते बाकीच्या विद्यार्थ्यांशी ताडून पाहावे.

आपल्या विद्यापीठात बँडचे वेगळे तिकीट नसेल तर एक साधी मोजणी स्वतः करता येते. प्रेक्षागृहाचा एक ठरावीक भाग निवडावा आणि तीन घरच्या सामन्यांत दुसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस, हाफटाइमच्या मध्यावर व तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला तिथे बसलेल्यांची संख्या टिपावी. हाफटाइमला निम्मी माणसे खाद्यपदार्थांच्या रांगेत जात असतील, तर कार्यक्रमाच्या आकर्षणाबद्दल वेगळे काही बोलायला उरत नाही. लोक बसून राहत असतील आणि बँड उतरल्यावर उठत असतील, तर तेही लिहून ठेवावे. सामना अटीतटीचा होता की एकतर्फी, आणि हवा कशी होती, या दोन नोंदी सोबत हव्यात, नाहीतर पावसाचा दोष बँडच्या माथी येईल.

देणग्यांच्या बाबतीत सावधपणे चालावे. मिशिगनमध्ये देणगीदार पुढे आले, यावरून बँडमुळे विद्यापीठाला नवा पैसा मिळाला असे लगेच म्हणता येत नाही. त्यातला काही पैसा एरवी ग्रंथालयाला किंवा शिष्यवृत्तीला गेला असता, हे शक्य आहे. बँडच्या माजी वादकांपैकी कितीजण विद्यापीठाच्या इतर निधींनाही देतात, हा प्रश्न माजी विद्यार्थी कार्यालयाला विचारावा. नावे न देता एकत्रित आकडे देण्यास कार्यालये सहसा तयार होतात.

प्रवास: खरा निर्णय इथेच असतो

‘बँड असावा की नसावा’ हा प्रश्न प्रत्यक्षात फार क्वचित उभा राहतो. नेहमी उभा राहतो तो ‘या सामन्याला किती जणांना न्यायचे’ हा. म्हणून हिशेबही तिथेच बारकाईने मांडावा.

समजा, परगावच्या सामन्यासाठी 300 वादक न्यायचे आहेत. 50 जणांची एक बस, अशा सहा बस, प्रत्येकी 4,000 डॉलर, म्हणजे 24,000. एका खोलीत दोघे धरून 150 खोल्या, प्रत्येकी 150 डॉलर, म्हणजे 22,500. दोन दिवसांचे जेवण दरडोई रोज 40 डॉलर, म्हणजे 24,000. एकूण 70,500 डॉलर, दरडोई 235. त्याऐवजी 60 जणांचा लहान बँड नेला, तर दोन बसचे 8,000, तीस खोल्यांचे 4,500 आणि जेवणाचे 4,800 मिळून 17,300 होतात, दरडोई सुमारे 288. दरडोई खर्च पाहिला तर मोठा बँड स्वस्त ठरतो आणि एकूण खर्च पाहिला तर लहान. दरडोईचा आकडा इथे निरुपयोगी आहे, कारण अर्धवट रिकाम्या बसचे भाडे लहान बँडच्या डोक्यावर बसले आहे. विचारायचे ते एवढेच की बचत होणाऱ्या 53,200 डॉलरांच्या बदल्यात त्या सामन्यात काय गमावले जाते: हाफटाइमचा कार्यक्रम जातो, आपल्या प्रेक्षकांना घोषणांसाठी मिळणारा आवाज मात्र साठ जणांच्या बँडनेही बऱ्यापैकी राहतो. परगावच्या साध्या सामन्याला लहान बँड आणि जुन्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या किंवा तटस्थ मैदानावरच्या मोठ्या सामन्याला पूर्ण बँड, ही विभागणी मला रास्त वाटते. त्या अर्थाने मिशिगनच्या क्रीडा विभागाने 2012 मध्ये खर्चाचा प्रश्न काढला हे योग्यच होते. नकारासाठी निवडलेला सामना मात्र चुकीचा होता, कारण विद्यापीठाला त्याच सामन्यासाठी मोठी रक्कम मिळत होती आणि साऱ्या देशाचे लक्ष तिथेच होते.

बाउल सामन्यांचे गणित आणखी वेगळे असते. त्यांच्या करारात विद्यापीठाने किती तिकिटे घ्यायची हे लिहिलेले असते. कनेक्टिकट विद्यापीठाने 2011 च्या फिएस्टा बाउलसाठी 17,500 तिकिटांची हमी घेतली होती, त्यातली बहुतेक विकली गेली नाहीत, आणि त्या सहलीत विद्यापीठाला 16 लाख डॉलरांहून अधिक तोटा झाला. अशा तोट्याच्या बातमीत ‘संघ, बँड आणि अधिकारी यांचा प्रवास’ असे एकत्र लिहिलेले आढळते आणि वाचणाऱ्याला बँड दोषी वाटतो. करार मागवावा, न विकलेली तिकिटे, अधिकाऱ्यांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा प्रवास आणि बँडचा प्रवास हे तिन्ही वेगळे करावेत, आणि बँडच्या आसनांसाठी विद्यापीठाला तिकिटाचे पैसे भरावे लागतात का, हे कलम मुद्दाम वाचावे.

जो खर्च कमी करू नये

2011 च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडा ए अँड एमच्या बँडमधील एका ड्रम मेजरचा (बँडच्या पुढे राहून नेतृत्व करणाऱ्या विद्यार्थ्याचा) ऑरलँडो येथे सामन्यानंतर बसमध्ये झालेल्या मारहाणीत मृत्यू झाला. नवख्यांना छळण्याच्या जुन्या प्रथेतून ही मारहाण झाली होती. बँड 2013 पर्यंत बंद राहिला, सहकाऱ्यांवर खटले चालले. ओहायो स्टेटमध्ये 2014 मध्ये बँडमधील लैंगिक छळाला पोषक वातावरणाच्या चौकशीनंतर संचालकांना पदावरून दूर करण्यात आले. शेकडो तरुण मुले रात्रीअपरात्री बसमधून प्रवास करतात, तिथे देखरेख करणारी पगारी माणसे हवीत; उन्हात सराव असतो तिथे वैद्यकीय मदत हवी; ड्रमलाइनशेजारी (ढोलवादकांच्या रांगेशेजारी) उभे राहणाऱ्यांच्या कानांची काळजी हवी. बँडच्या अंदाजपत्रकात या गोष्टींसाठी पैसा दिसत नसेल, तर तो बँड स्वस्त आहे असे कृपया लिहू नये. त्याची किंमत कोणाच्या तरी मुलाने किंवा मुलीने चुकवण्याची वेळ येऊ शकते.

कधी आणि कसे विचारावे

बहुतेक विद्यापीठांचे आर्थिक वर्ष 30 जूनला संपते, आणि एनसीएएचा अहवाल जानेवारीच्या मध्यापर्यंत सादर होतो. त्यामुळे माहितीचा अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीला करावा, म्हणजे वसंत सत्रात पुढील वर्षाचे अंदाजपत्रक चर्चेला येण्याआधी आकडे हाती असतील. अर्जात ‘बँडचा सर्व खर्च’ असे ढोबळ लिहिल्यास ढोबळच उत्तर येते. पाच आर्थिक वर्षे, ‘स्पिरिट ग्रुप्स’ रकान्याची फोड, क्रीडा विभागाकडून संगीत विभागाकडे झालेली रकमांची वर्गावर्गी, आणि प्रत्येक परगावच्या सामन्याला नेलेल्या वादकांची संख्या, असे नेमके मागावे.

मिळालेले आकडे एका पानावर तीन रकान्यांत मांडावेत: क्रीडा विभाग, विद्यापीठाचे बाकीचे विभाग, विद्यार्थी. प्रत्येक रकान्यात वर खर्च आणि खाली जमा लिहावी, अंदाजाचा आकडा असेल तिथे अंदाज असे स्पष्ट लिहावे, आणि जे मोजता आले नाही त्यासाठी जागा कोरी ठेवावी. समितीपुढे जाण्याआधी हे पान बँड संचालक आणि क्रीडा विभागाचा वित्त अधिकारी या दोघांनाही एकाच दिवशी पाठवून लेखी दुरुस्त्या मागवाव्यात. माझा अनुभव असा की दोघांचाही पहिला आक्षेप तिसऱ्या रकान्यावर येतो, कारण विद्यार्थ्यांच्या पदरमोडीचा आकडा दोघांपैकी कोणाच्याही वहीत नसतो. तो आकडा वादकांनाच विचारून भरावा लागतो. पहिल्या आणि चौथ्या वर्षाच्या प्रत्येकी दहा-वीस वादकांकडून हंगामातला स्वतःचा खर्च लिहून घेतला, तरी समितीपुढे ठेवण्याजोगा अंदाज मिळतो.